उजवा गाल, डावा गाल

ईश्वरप्पानं खुर्चीत मान मागं टेकवली आणि डोळे मिटून घेतले. "केरबा, उजव्या गालाला एक साबण लाव, डाव्याला दुसरा. कुणाचा कुठला ते सांगू नको. ज्या गालाला बरं वाटंल, तो साबण माझ्या दुकानात."

त्याचं दुकान नव्या कलेक्टर कचेरीच्या समोर होतं. लातूर जिल्हा झाल्यापासून बाहेरगावचे साहेबलोक तिथं येऊन दाढीचा चांगला साबण मागत. हातानं केलेला एकच साबण ठेवायचा असं ईश्वरप्पानं ठरवलं होतं आणि करणाऱ्या बाया होत्या दोन. एक केरबाच्याच गल्लीतली साखराबाई. दुसरी अहमदपूरची शांतम्मा. ती सकाळच्या पहिल्या एसटीनं आली होती आणि केरबाच्या दुकानाच्या पायरीवर, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. न्हाव्याच्या दुकानात बाईमाणसानं आत कसं यायचं, म्हणून तिथूनच वाकून बघत होती.

ईश्वरप्पानं आणून दिलेल्या साबणाच्या दोन्ही वड्या केरबानं आदल्या दिवशीच स्वतःच्या तोंडाला लावून पाहिल्या होत्या. साखराबाईचा फेस अर्ध्या दाढीतच सुकला. शांतम्माचा लोण्यासारखा धरून राहिला, वस्तरा नुसता घसरत गेला. वीस वर्षं धंदा करत होता तो, पण असला साबण त्याच्या हाताला लागला नव्हता.

फळीखाली बादली होती आणि घागर होती. बादलीत बोअरचं पाणी, हात आणि वस्तरा धुवायला. ते इतकं खारं की त्यात कुठलाच साबण फेस धरत नसे. घागरीतलं गोडं पाणी साखराबाईच्या आडातलं. दुष्काळात गल्लीतले सगळे आड आटले, तिच्याच आडाच्या तळाशी थोडा झरा राहिला होता. त्यातलं एक घागर पाणी ती केरबाला रोज द्यायची, म्हणून त्याचं दुकान उघडं होतं. आज सकाळी तिनं दोन घागरी भरून दिल्या. बोलली मात्र काही नाही.

केरबानं वाटीत घागरीतलं पाणी घेतलं. साखराबाईच्या वडीवर ब्रश फिरवून उजव्या गालाला फेस चढवला आणि तो सुकायच्या आत झपाझप वस्तरा फिरवून मोकळा झाला. मग दुसरी वाटी घेतली. वाटी धरलेला हात घागरीपाशी थांबला. मग खाली गेला आणि बादलीत बुडाला.

शांतम्माच्या साबणाला फेस आलाच नाही. ब्रशाच्या केसांना चोथा चिकटला. केरबानं तोच डाव्या गालाला फासला आणि वस्तरा लावला.

"आरं, दाढी करतोस का सोलतोस?" ईश्वरप्पा ओरडला.

शांतम्मा पायरीवरून उठून उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. "असं कसं झालं, भाऊ? घरी तर लई फेस येतो. पाणी कुठलं हाय?"

ईश्वरप्पानं डोळे उघडले. आरशातून तो केरबाकडं बघत होता.

"दोन्हीला एकच हाय, आक्का," केरबा म्हणाला.

"मग माझंच चुकलं." तिनं पिशवी काखेला मारली. "काय चुकलं तेवढं सांगा. तुमचा रोजचा धंदा, तुम्हाला कळतंय."

केरबानं आयुष्यात कधी साबण केला नव्हता. पण काहीतरी सांगणं भाग होतं. "एरंडेल घालता का?"

"हाव, थोडं. त्यानंच तर फेस धरतो."

"ते काढून टाका."

तिनं मान हलवली, दोघांना नमस्कार केला आणि स्टँडच्या दिशेनं निघाली. ईश्वरप्पा खुर्चीतून उठला, डाव्या गालावरून हात फिरवत म्हणाला, "साखराबाईला निरोप दे. चार डझन वड्या आणून टाक म्हणावं."

तो गेल्यावर केरबा रिकाम्या खुर्चीपाशी उभा राहिला. फळीवर शांतम्माची वडी तशीच पडली होती. त्यानं घागरीतलं चार थेंब पाणी घेऊन तिच्यावर ब्रश फिरवला. फेस वाटीच्या काठावर चढला. वाटी तशीच ठेवून, दार ओढून घेऊन तो स्टँडकडं पळत सुटला.

अहमदपूरची एसटी भरली होती. शांतम्मा खिडकीशी बसली होती. त्याला बघून तिचा चेहरा उजळला.

"बरं झालं भेटलात. मघाशी बोलायचं राहून गेलं. गावात सगळे चांगलं हाय, चांगलं हाय म्हणतात. त्यानं माणूस शिकत न्हाई. तुम्ही तोंडावर सांगितलंत."

"आक्का, ते पाणी..." केरबाला धाप लागली होती.

"पाण्याचं काय घेऊन बसलात! इथं तुम्हालाच न्हाई, ते काय मला दिसत न्हाई? म्हणून तर तुमच्याकडं घोटभर मागितलंसुद्धा न्हाई."

कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. गाडी हलली. केरबा खिडकीबरोबर चार पावलं पळाला. इंजिनाच्या आवाजात त्याचे शब्द त्यालाच ऐकू येईनात. शांतम्मानं डोकं बाहेर काढून ओरडून सांगितलं, "आता एक थेंबबी एरंडेल घालणार न्हाई, भाऊ!"

केरबानं गाडी थांबवायला हात वर केला. तिला वाटलं, निरोप देतोय. स्टँडच्या फाटकातून गाडी वळेपर्यंत तीही हात हलवत राहिली.