बुधवारचं जेवण

आईला कायमचं पुण्याला न्यायचं ठरवूनच दत्तेश गोव्यात केरीला आला होता. बाबा गेल्यावर ती एकटी पडली, एकटं माणूस धड जेवतही नाही, असं तो सगळ्यांना सांगत होता. हे तिच्याजवळ नीट बोलता यावं म्हणून तो तिला किनाऱ्याजवळच्या थाई हॉटेलात घेऊन गेला.

"इथलं तुला झेपायचं नाही," मेनूकार्ड स्वतःकडे ओढत तो म्हणाला. "साधा भात सांगतो तुला."

तेवढ्यात मालकीण नोई हसत आली. बाई थायलंडची, पण बोलली कोंकणीत. "काकी, आयज दोगां?"

"हो माझो झील गो," आई मुलाकडे बोट दाखवत म्हणाली. "सुंगटांचा सूप हाड, माका नेहमीसारख्या तिखट. ह्याका कमी घाल, सवय नाय."

दत्तेशने मेनूकार्ड खाली ठेवलं. "तू इथे येतेस? कोणाबरोबर?"

"एकटीच. दर बुधवारी. जल्मभर सगळ्यांका वाढून उरलासुरला जेवलंय. आता मी बसतंय आणि माका कोणतरी गरम वाढता."

कोळंबीचं सूप आलं. आईने चवीने वाटी संपवली. दत्तेशने घसा खाकरला. "आई, पुण्याला..."

"मी येवची नाय. सोमवारपासून सून नोकरीक जातली, माका ठावक आसा."

"तुला कोणी सांगितलं?"

"तिनाच. म्हणाली, आई, तुम्ही येऊ नका, ह्यांना स्वयंपाक शिकू दे."