हात खाली घेतल्यावर

बायकोला माती दिली त्याच्या पुढच्याच रविवारी पाळकसाहेब नेहमीसारखे हातांच्या इशाऱ्यांवर गाणं चालवायला गायकवृंदासमोर उभे राहिले. लोक म्हणाले, माणूस दगडाचा आहे. ते खोटंही नव्हतं. डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आणि मनात चाचपून पाहिलं तरी हाताला काहीच लागत नव्हतं.

उपासनेआधीचा सराव चालला होता. स्तुतिगीताचं दुसरं कडवं रंगात आलं आणि त्यांच्या हातांतलं बळच गेलं. त्यांनी हात खाली घेतले आणि कोटाच्या खिशात घातले. आता गाणं विस्कटणार, असं त्यांना वाटलं.

गाणं विस्कटलं नाही. शेवटच्या ओळीला ते हळूहळू संथ झालं आणि सगळे एकदम थांबले. एरवी कोणी ना कोणी मागे रेंगाळायचंच.

"कोणाकडे बघून थांबलात?" त्यांनी विचारलं.

पहिल्या रांगेतली मेहुणी पदरानं डोळे पुसत होती. "म्हणजे काय, भावजी? तुमच्याकडेच!"

"माझे हात तर खिशात होते."

"काहीतरीच तुमचं. इतका जीव तर तुम्ही आजवर कधी ओतला नव्हता. घ्या, पुढचं गीत घ्या."

पाळकसाहेबांचे हात खिशातच राहिले. आपल्याला भीती वाटायला हवी, एवढं त्यांना कळत होतं.

समोरच्या सगळ्या नजरा त्यांच्या चेहऱ्यावरून सरकल्या आणि खांद्यामागे जाऊन स्थिरावल्या. तिथं नुसती भिंत होती.

त्यांच्या मानेजवळ बाहीची सळसळ झाली, आणि सगळ्यांनी गाण्यासाठी एकदम श्वास घेतला.