राजदूतसाहेबांची सरदारकी

"साहेबांना वहाणा बसतायत का बघ गं," ओटूने भर अंगणात बायकोला फर्मावलं, आणि आराबाच्या अंगाचा तिळपापड झाला.

आराबा म्हणजे अन्साफो गावच्या मासळीबाजाराची राणी. नावा किनाऱ्याला लागल्या की पहिला भाव ती सांगायची. तिने तोंड उघडल्याशिवाय कुणाची टोपली जागची हलायची नाही. अशा बाईने चारचौघांत परक्या माणसाच्या पायाशी वाकायचं! आणि माणूस तरी कोण? तिचा किनाराच गिळायला आलेला!

साहेब पूर्वेकडच्या एका मोठ्या देशाचे राजदूत. देश हल्ली हल्लीच अंगाने भरला होता आणि जगभर सगळ्यांच्या अंगणात डोकावत फिरत होता. त्याला धक्का बांधायचा होता, आणि नेमका तिथेच, जिथे गावच्या नावा लागतात. मागणं घेऊन साहेब आले ते रिकाम्या हाताने नाही. शाळेला छप्पर, पोरांना फुटबॉलचं मैदान, वाजंत्र्यांना नवेकोरे कर्णे. शिवाय गावची फांटी भाषा अशी गोड बोलायचे की म्हाताऱ्या बाया त्यांचे गाल ओढायच्या. हा झाला एक हात. दुसरा हात समोर समुद्रात उभा होता, करड्या रंगाचा, तोफांसकट. "ती नुसती सदिच्छाभेट हो," असं साहेब त्या जहाजाकडे बोट दाखवून म्हणायचे.

मंगळवारी समुद्राचा विसावा. त्या दिवशी अन्साफोत कुणी पाण्यात वल्हं घालत नाही, की पाण्यावर नाव ठेवत नाही. पण गेल्या मंगळवारी सदिच्छाभेट जागची हलली नाही. गाव दातओठ खात बघत राहिलं. तोफेला कोण सांगणार, बाई, बाजूला हो म्हणून?

गावचे राजे नाना एग्यिर यांनी साहेबांना नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. उलट दवंडी पिटवली की साहेबांना गावचे सरदार करायचं!

हे ऐकलं त्या दिवशी आराबाने घरी नवऱ्याला फैलावर घेतलं. ओटू राजांचा बोलका. नाना परक्याशी थेट बोलत नाहीत. ते ओटूच्या कानात सांगतात, आणि ओटू हातातली काठी उंचावून ते मोठ्याने सांगतो.

"नानांचं तोंड म्हणवतोस ना स्वतःला? मग त्या तोंडाला 'चालते व्हा' एवढं म्हणता येईना? काय कोंबलंय त्यात साहेबाने, मिठाई?"

"तोंड माझं, शब्द नानांचे. वाढ बघू."

तिने मक्याच्या पिठाची केंकी त्याच्यापुढे आदळली. ना मासळी, ना मिरची. "खा कोरडी! किनारा गेला की जन्मभर हीच खायचीय."

ओटूने मुकाट्याने खाल्ली. तेच तिला जास्त झोंबलं.

आणि आज ती खरोखरच वाकून साहेबांच्या पायात सरदारकीच्या वहाणा चढवत होती. साहेबांना रंगीत भरजरी कापड नेसवलं होतं. ते सारखं खांद्यावरून घसरत होतं आणि साहेब ते सारखं सावरत होते, पण चेहरा असा खुलला होता की विचारू नका. पूर्वजांसाठी जमिनीवर दारू शिंपडून झाली. साहेबांना कोरीव आसनावर टेकवलं, उठवलं, पुन्हा टेकवलं. ढोल कडाडले. साहेबांनी सोबत आणलेले छायाचित्रकार सगळं टिपून तिकडे त्यांच्या राजधानीला पाठवत होते.

मग साहेबांच्या हातात तलवार दिली आणि ओटूने शपथ सांगितली. साहेबांनी ती खणखणीत फांटीत म्हटली. "मी नानांचा माणूस. नानांनी बोलावलं की ऊन असो, पाऊस असो, येईन. या गावची माती आणि या गावचं पाणी राखीन. नाही राखलं, तर मी शपथेचा गुन्हेगार."

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांच्या देशातल्या मंत्र्याचा अभिनंदनाचा निरोपसुद्धा तेवढ्यात येऊन थडकला. आराबाला रडूच फुटायचं बाकी होतं. गेला किनारा, संपलं सगळं!

साहेब हसत हसत नानांकडे वळले. "नाना, आता मी घरचाच झालो. तर तो किनारा तेवढा..."

नाना ओटूच्या कानाशी लागले. ओटूने काठी उंचावली.

"नाना विचारतात, किनारा मागतंय कोण?"

"म्हणजे, आमचा देश."

नाना पुन्हा कानाशी लागले, काठी पुन्हा उंचावली. "अच्छा, परके लोक होय! मग काही काळजी नाही. गावची माती आणि पाणी राखायला आजपासून तुम्ही आहातच. त्यांना काय सांगायचं ते तुम्हीच सांगून टाका. शपथ काय झकास घेतलीत, सरदार! एक अक्षर चुकलं नाही."

साहेबांनी डावीकडे पाहिलं. दुभाषा नव्हताच, चूक ढकलायची कुणावर? उजवीकडे पाहिलं, तर त्यांचेच छायाचित्रकार अजून टिपत होते. तोंडावरचं हसू तसंच राहिलं, त्याला जायला जागाच उरली नव्हती.

आराबाने नवऱ्याकडे पाहिलं. मेला आभाळाकडे बघत साळसूदपणे उभा होता. तिला एकदम हसू फुटलं, आणि आज रात्री याला भरपूर मिरची घालून मासळी करायची, असं तिने मनात ठरवूनही टाकलं. मग कुणी न सांगता ती पुन्हा वाकली आणि साहेबांच्या वहाणेचा पट्टा चांगला आवळून बसवला.

"घट्ट बसल्यात हो, सरदार," ती म्हणाली. "आणि उद्या मंगळवार. समुद्राचा विसावा राखायचाय. तुमच्या त्या सदिच्छेला तेवढं हलायला सांगा."