भोंडल्यातली वाटणी

भोंडल्याची वेळ झाली तरी वैजू खुर्चीतून उठली नव्हती. पंधरवडाभर शांत असलेलं तिचं फायब्रोमायल्जियाचं जुनं दुखणं सकाळपासून पुन्हा अंगभर ठणकत होतं. पाटावरच्या हत्तीला फुलं वाहायलाही हात वर होईना.

"यंदाही माझ्याविनाच फेर धरा, आई," ती सासूबाईंना म्हणाली.

"भोंडला तुझ्या घरी आणि तू बाहेर, असं कुठं असतं का?" असं म्हणत सासूबाईंनी वैजूच्या आणि जमलेल्या सगळ्याजणींच्या मनगटांना नवे वेदनापट्टे बांधले. त्यांच्यामुळे हातात हात असेपर्यंत एकीचं दुखणं सगळ्यांत वाटलं जाणार होतं.

फेर सुरू झाला आणि किती वर्षांनी वैजूचे पाय फेरात आपसूक पडू लागले.

"अगं बाई, माझ्या वाट्याला मान आली," कमळाकाकू म्हणाल्या.

"मला गुडघा," मृदुला हसली.

सासूबाईंनी दोन पावलं चालून हळूच विचारलं, "वाटून एवढं, तर सगळं मिळून केवढं गं?" वैजूने नुसता त्यांचा हात दाबला.

शेवटचं गाणं झालं. आता हात सोडून झाकलेली खिरापत ओळखायची. हात सुटले की ठणका परत येणार, म्हणून वैजूने डोळे मिटून घेतले. पण एकीनेही हात सोडला नाही. सासूबाईंनी पहिलं गाणं पुन्हा उचललं.

"अहो आई, वडे गार होतील," वैजू बोलून गेली.

"फोडलीस ना खिरापत," सगळ्या हसत सुटल्या.

"बरंच झालं," सासूबाई म्हणाल्या. "आता ओळखायला काही उरलं नाही, मग थांबायचं कशाला? चल, पाय उचल."