घमेल्याखालची काठी

सगुणाबाईंचा हिशेब सोपा होता: पालथं घातलेलं एक घमेलं, बदल्यात तुडुंब शेततळं आणि उन्हाळ्यात काकडी. माळावरची दोनशे एकर सोलर पॅनेलं पाऊस आला की आपणहून कलायची. ज्याच्या रानातली ओल मोजणारी काठी ‘कोरडं’ म्हणेल, त्याच्या चारीत अंगावरचं पावसाचं पाणी सोडायची. सगुणाबाईंनी आपल्या काठीवर घमेलं झाकलं.

पावसात तळं घटकाभरात भरलं. काठी कोरडंच म्हणत राहिली, पॅनेलं ओतत राहिली. शेवटी तळ्याचा बांध फुटला. काढणीला आलेले भोपळे तरंगत खालच्या रानात, धाकट्या जावेच्या, रखमाच्या तळ्यात जाऊन बसले. घमेलंही वाहून गेलं, तेव्हा कुठे पॅनेलं थांबली.

“आक्का, काठीला ऊन लागत होतं का हो?” रखमानं खालून विचारलं.

“गप गं. माझे भोपळे दे.”

“देते की. घारगे करून.”

संध्याकाळी परातभर घारगे वर आले. खाता खाता सगुणाबाईंनी रखमाच्या तळ्यातलं पाणी मागितलं, निम्म्या काकडीच्या बोलीवर.

एकूण सगुणाबाईंचा बांध गेला, भोपळे गेले, निम्मी काकडी गेली. रखमाचं गेलं ते गूळ-तेल. घमेलं मुळात तिचंच, मागून नेलेलं. ते आपल्या पायानं घरी आलं.