डावीकडची ओळ

दादा रडू लागला, तेव्हा तिच्या कानात नुसता ड्रम वाजत होता.

तिने त्याच्याकडे पाहिलं. लॅपटॉप एकच, त्याला दोन हेडफोन जोडलेले. म्हणजे दोघांचं गाणंही एकच. आधीच्या कडव्यात नेहमीची बढाई होती. मग शब्द थांबले, चार ठोके रिकामे गेले, आणि नेमका तिथेच या दांडग्या माणसाने रुमाल काढला.

“ऐकलंस?” त्याने विचारलं.

“काय?”

“कमाल आहे! दगडाची आहेस का गं तू?”

तिच्या मागे रांगेत लावलेले वीजमीटर तपासणी चालू असल्याने मंद गुणगुणत होते. कुठला मीटर किती चुकतो, हे शोधणं तिचं काम. मीटर खोटं बोलत नाही, फक्त चुकतो, आणि चूक मोजता येते. माणसांच्या बाबतीत ही सोय नसते.

पूर्वी ती गाण्यांचं मिक्सिंग करत असे. दादाचा धाकटा भाऊ रॅपर होता, सगळे त्याला काडेपेटी म्हणत. त्याचे सुरुवातीचे अल्बम तिच्या हातचे. बढाई दोन्ही कानांत सारखी ठेवायची आणि मनातली एखादी ओळ कुजबुजीसारखी फक्त डाव्या कानात सोडायची, ही युक्तीही तिचीच. चाहत्यांनी त्याचा सिद्धांत करून टाकला: काडेपेटी खरं बोलतो ते डावीकडे.

मग एका भांडणात त्याने तिच्या डाव्या कानशिलात लगावली. पडदा फाटला, आतली नसही कामातून गेली. गाण्याचं डावं-उजवं तोलायला दोन कान लागतात. एका पारड्याचा तराजू नसतो. तिचं काम सुटलं. तिने तक्रार केली, तेव्हा ‘ती जन्मापासूनच बहिरी’ असं त्याने जाहीर सांगितलं आणि वर ‘ऐकू येतंय का?’ हे गाणं काढलं. ते इतकं गाजलं की भाजी घेताना अनोळखी पोरं तिच्या पाठीमागून तेच ओरडत.

खटला उभा राहण्याआधीच कुणीतरी त्याला भर रस्त्यात गोळ्या घातल्या. आरोपीच उरला नाही, तेव्हा प्रकरण बंद झालं. पुढे मेल्या म्हशीला मणभर दूध. भिंतीभिंतींवर त्याचे डोळे रंगले. अर्धं शहर त्याला हुतात्मा म्हणे, अर्धं गुंड. दोन्ही पक्षांचा आवाज त्यांच्या पुराव्यापेक्षा मोठा होता. नव्या संगीतशाळेला त्याचं नाव द्यायचं ठरलं, त्यावर लेखी हरकत मात्र एकच आली, तिची. त्याने काय केलं ते आधी मान्य करा, मग काय हवं ते नाव द्या, एवढंच तिचं म्हणणं होतं. म्हणून दादा आज भावाचं शेवटचं, कुणीच न ऐकलेलं गाणं घेऊन तिच्या कामाच्या जागी आला होता.

“दादा, पुन्हा लावा,” ती म्हणाली.

या वेळी तिने हेडफोन काढला, उलटा फिरवला आणि त्याची डावी बाजू उजव्या कानावर बसवली. दादाचा रुमाल अर्ध्यावरच थांबला.

ड्रम. बढाई. मग ते चार ठोके. ते रिकामे नव्हते.

“मास्तर, तुझा कान मुळात बिघडलेला नव्हता गं. माझा हात बिघडलेला होता. ऐकू येतंय का?”

मास्तर तिला तो एकटाच म्हणे. तिने ओळ पुन्हा ऐकली, मग आणखी एकदा. एका नोंदीवरून निष्कर्ष काढायची तिला सवय नव्हती. ओळ बदलली नाही. त्या प्रश्नात या वेळी टिंगल नव्हती.

“माफी मागितलीय त्याने,” दादा म्हणाला. “आता तरी हरकत मागे घे. मेलेल्या माणसावर किती दिवस डूख धरशील?”

“मागितलीय खरी. माझ्या डाव्या कानात मागितलीय.”

दादाच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. घरी त्याने हे गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं होतं. पण कान कोणता, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता.

“अगं, सवयीने झालं असेल...”

“असेल. किंवा सगळ्यांनी ऐकावं आणि मी तेवढी ऐकू नये, असंही असेल. आता त्याला विचारता येत नाही, म्हणून मी ठरवत नाही.”

दादाने सुस्कारा टाकून लॅपटॉप मिटायला घेतला.

“शाळेला नाव द्या,” ती म्हणाली. “उद्घाटनाला हेच गाणं वाजवा. पण ही ओळ मध्ये आणायची. दोन्ही कानांत, त्याच्या बढाईइतकीच मोठी.”

“म्हणजे त्याने मारलं होतं, हे जगाला ओरडून सांगायचं? आईच्या देखत? त्याच्यावर जीव टाकणाऱ्या त्या पोरांसमोर?”

“तुम्ही ऐकलंत आणि रडलात, दादा. त्यांनाही जमेल.”

दादा बराच वेळ रुमालाची घडी घालत बसला. घडी काही नीट बसेना. अखेर त्याने ती तशीच खिशात कोंबली.

“बरं,” तो म्हणाला. “पण करणार कोण? त्याचा तुझ्यानंतरचा मिक्सिंगवाला या ओळीला हात लावणार नाही.”

तिने हेडफोन पुन्हा सरळ करून डोक्यावर चढवला आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

“मी.”

“तू?” दादाची नजर नकळत तिच्या डाव्या कानाकडे गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“डावं-उजवं तोलायला दोन कान लागतात,” ती म्हणाली. “मध्ये आणायला एक पुरतो.”