पिवळं कुलूप

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या सायबर कॅफेत बसून मी माझ्या जुन्या विद्यार्थिनीला, तृप्तीला, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरायला शिकवलं. "खाली कोपऱ्यात पिवळं कुलूप दिसतंय ना? म्हणजे आपण पाठवलेलं वाटेत कुणालाही वाचता येत नाही." तिनं पहिल्या पसंतीला पुण्याचं कॉलेज टाकलं.

यादी लागली, तेव्हा तिच्या नावापुढे नाशिकचंच कॉलेज होतं. कुणीतरी तिच्या पासवर्डनं आत शिरून पुण्याची पसंती पुसून टाकली होती आणि बदलाची मुदतही संपली होती.

चाळीस वर्षं वर्गात कधी आवाज चढवला नाही, पण त्या दिवशी मी कॅफेवाल्या धनराजची कॉलर धरली. "पासवर्ड चोरतोस? पोरीचं नुकसान केलंस!"

"मला कशाला धरता, गुरुजी? तिचे पप्पा आले होते. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून आणलेला. म्हणाले, पोरगी पुण्याला नाय पाठवायची."

मी मागे उभ्या असलेल्या तृप्तीवर ओरडलो, "अगं, पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, एवढंही शिकवलं नव्हतं का मी?"

तिचे डोळे रागानं लाल झाले होते.

 

"तुम्ही शिकवलं होतं, घरच्यांशिवाय कुणाला सांगायचा नाही."